नावाचं पान वेगळं

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी 1917 साली दख्खनमधल्या एका खेड्याचा अभ्यास छापला. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. आज ते पिंपरी-चिंचवड शहरातल्या उंच इमारतींमध्ये हरवून गेलं आहे. तेव्हा ते पुण्याबाहेरचं लहानसं गाव होतं. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, लोकांवर कर्ज किती, पिकातून घर चालतं का, हे सगळं मानसाहेबांनी बारकाईनं मांडलं. आपल्याकडच्या खेड्यांच्या अर्थशास्त्राची सुरुवात या पुस्तकाला टाळून सांगता येत नाही आणि मला ते फार प्रिय आहे. तरीही उघडलं की दर वेळी एक गोष्ट खटकते. गावाचं खरं नाव त्यात उघड छापलेलं आहे. त्या काळी ती रीतच होती. माहिती सांगणाऱ्याचं पुढे काय होईल, हा प्रश्न अभ्यासाचा भाग आहे असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं.

मी या धंद्यात आले तोवर हा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. माझं सगळं आयुष्य प्रश्नावल्या भरण्यात, भरून घेण्यात आणि तपासण्यात गेलं: आधी इन्व्हेस्टिगेटर म्हणून, मग सुपरवायझर म्हणून आणि शेवटी एडिटिंगच्या टेबलावर. पुण्यात हे काम करणाऱ्याला परंपरा आयतीच मिळते. 1930 साली इथे गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी केली आणि तिचे खंड 1945 आणि 1952 साली बाहेर आले. घराच्या उंबऱ्यावर बसून माणसाला त्याचं उत्पन्न, त्याची मुलंबाळं, त्याचं आजारपण विचारायची विद्या या शहरात जुनी आहे. त्या विद्येतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे नावाचं पान उत्तरांपासून वेगळं करण्याची रीत. तिचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी कागद कसा असतो ते सांगते. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर जिल्हा, तालुका, गाव, घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि उत्तर देणाऱ्या व्यक्तीचं नाव असतं. आता त्यात मोबाईल नंबरही आला. खरी उत्तरं दुसऱ्या पानापासून सुरू होतात. नाव घ्यावंच लागतं, कारण बाई शेतावर गेली असेल तर पुन्हा जायचं असतं, सुपरवायझरला स्वतः जाऊन उत्तरांची खातरजमा, म्हणजे बॅकचेक, करायचा असतो आणि अभ्यास दोन-तीन वर्षांचा असेल तर त्याच माणसाला परत गाठायचं असतं. म्हणून नाव टाकून देऊन चालत नाही आणि उत्तरांना चिकटलेलं ठेवूनही चालत नाही. त्यावर तोडगा असा: दोन्हींवर एकच आयडी नंबर घालायचा, पहिलं पान फाडून वेगळ्या कपाटात ठेवायचं आणि त्या कपाटाची किल्ली उत्तरं वाचणाऱ्याकडे द्यायची नाही.

हे सगळं वरवर कारकुनी वाटतं. मराठवाड्यातल्या एका गावात मला त्याची किंमत कळली. बाळंतपणं आणि नवऱ्याची मारहाण या दोन्ही विषयांवर आम्ही विवाहित स्त्रियांशी बोलत होतो. काम उरकत आलं तेव्हा गावचे एक वजनदार गृहस्थ आम्ही उतरलो होतो तिथे आले. चहा घेतला, आमची चौकशी केली आणि मग म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्याच गावचे कागद हायती, जरा बघू द्या की.’’ त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. गावातली कुठलीही गोष्ट आपल्याला कळलीच पाहिजे, इतकी साधी त्यांची समजूत होती. आमच्या ट्रंकेत उत्तरांचे गठ्ठे होते आणि त्यांवर फक्त आकडे. नावाची पानं आदल्या संध्याकाळीच टीमची गाडी घेऊन गेली होती. मी म्हटलं, ‘‘दादा, या कागदांवर कुणाचंच नाव नाही.’’ त्यांनी एक गठ्ठा चाळला, आकडे पाहिले आणि परत ठेवला. त्या गठ्ठ्यात त्यांच्या सुनेची उत्तरं होती. मी तोंडानं कितीही नकार दिला असता तरी तो त्या दिवशी टिकला असता की नाही, देव जाणे. पानं तिथे नव्हती, म्हणून ती सून वाचली.

आपली जनगणना दुसऱ्या वाटेनं गेली. जनगणनेच्या तक्त्यात नाव आणि माहिती एकाच ओळीत असतात, त्यांना वेगळं करता येत नाही. म्हणून तिथे भिंत कायद्याची आहे. 1948 च्या जनगणना कायद्याचं 15 वं कलम सांगतं, की जनगणनेच्या नोंदी कुणालाही तपासायला मिळणार नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत. अपवाद फक्त याच कायद्याखालच्या खटल्यांचा. जमिनीच्या वादात भाऊ भावाविरुद्ध जनगणनेचा तक्ता दाखवू शकत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि दर जनगणनेच्या वेळी शिक्षकांनी घरोघर ती सांगायला हवी. पण कॉलेजातून, संस्थेतून किंवा एनजीओतून निघालेल्या प्रश्नावलीला या कलमाचं छत्र नाही.

शिवाय कायद्याची भिंत पाडताही येते. अमेरिकेत हे घडलं. तिथल्या जनगणना खात्यावर गुप्ततेचं बंधन होतं. मार्च 1942 मध्ये युद्धकाळाचा एक कायदा आला आणि त्यानं ते बंधन बाजूला सारलं. जपानी वंशाच्या नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत नेताना जनगणनेचे गल्लीगल्लीचे आकडे वापरले गेले. पुढे 1943 साली वॉशिंग्टन परिसरातल्या जपानी वंशाच्या लोकांची माहिती नावांसकट सीक्रेट सर्व्हिसला दिली गेली. मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्ट्झर या दोन संशोधकांनी दफ्तरं धुंडाळून हे पुराव्यानिशी बाहेर आणलं, तेव्हा एकविसावं शतक उजाडलं होतं. ज्यांनी 1940 साली दारात आलेल्या प्रगणकाला खरं सांगितलं, त्यांनी सरकारच्या शब्दावर विसंबून सांगितलं होतं.

अमेरिकेतच आल्फ्रेड किन्सी यांनी आणखी वेगळा मार्ग काढला. इंडियाना विद्यापीठातला हा प्राणिशास्त्रज्ञ माणसांच्या लैंगिक जीवनाबद्दल हजारो मुलाखती घेत होता आणि 1948 साली त्याचं पुरुषांवरचं पुस्तक आलं. मुलाखतीची उत्तरं तो एकाच कागदावर खुणांनी नोंदवायचा. कोणती खूण म्हणजे काय, हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं; ते त्याच्या आणि मोजक्या सहकाऱ्यांच्या डोक्यात होतं. त्या काळात समलिंगी संबंध उघडकीला आले तर तुरुंगवास किंवा नोकरी जाणं ठरलेलं होतं, त्यामुळे या खबरदारीचं महत्त्व सांगायला नको. पण सगळं रहस्य चार माणसांच्या स्मरणशक्तीवर आणि निष्ठेवर उभं होतं. मोठ्या पाहणीत, जिथे शंभर-दीडशे मुली फिल्डवर असतात, तिथे हे शक्य नाही.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीचा किस्सा. 1966 पासून अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था कॉलेजात नव्यानं दाखल होणाऱ्या लाखो मुलामुलींकडून दर वर्षी प्रश्नावली भरून घेऊ लागली. काही वर्षांनी त्याच मुलांना टपालानं पुन्हा गाठायचं होतं, म्हणून नाव-पत्ता लागत होता. त्याच काळात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध कॉलेजं पेटली. कोणते विद्यार्थी आंदोलनात उतरतात, हाही अभ्यासाचा विषय झाला. आणि लगेच प्रश्न उभा राहिला: उद्या एखाद्या चौकशी समितीनं किंवा न्यायालयानं समन्स काढून हे कागद मागितले तर?

पत्त्यांची संगणकाची एक टेप आणि उत्तरांची दुसरी, दोन्हींवर एकच क्रमांक, एवढी सोय संस्थेकडे होती. पण दोन्ही टेपा एकाच संस्थेच्या ताब्यात होत्या. समन्स आलं तर दोन्ही द्याव्या लागल्या असत्या आणि क्रमांक जुळवायला एखादी दुपार पुरली असती. आलेक्झांडर अ‍ॅस्टिन आणि रॉबर्ट बोरुच यांनी 1970 साली त्यावरचा उपाय लिहून प्रसिद्ध केला. त्यांनी उत्तरांच्या टेपला एक क्रमांकमाला दिली आणि पत्त्यांच्या टेपला पूर्ण निराळी. मग तिसरी टेप केली. तिच्यात फक्त दोन रकाने: इकडचा अमुक क्रमांक म्हणजे तिकडचा तमुक. ही तिसरी टेप त्यांनी परदेशातल्या एका संगणक केंद्रात पाठवून दिली आणि त्या केंद्राशी करार केला, की ती कुणालाही द्यायची नाही, खुद्द आम्ही मागितली तरीही नाही.

विद्यार्थ्यांची दुसऱ्या फेरीची उत्तरं आली की ती पत्त्यांच्या क्रमांकानिशी परदेशी जात. तिथे तो क्रमांक पुसून उत्तरांचा क्रमांक घातला जाई आणि मगच माहिती परत येई. परदेशातल्या केंद्राला कोण माणूस ते कळत नव्हतं, कारण नावं त्यांच्याकडे कधी गेलीच नाहीत. अमेरिकेतल्या संस्थेकडे नावंही होती आणि उत्तरंही, पण जोडणारा धागा नव्हता. अमेरिकन न्यायाधीशाचं समन्स त्या टेपपर्यंत पोचत नव्हतं. संशोधकांनी स्वतःचेच हात बांधून घेतले होते, आणि मला यातलं तेच सर्वांत आवडतं. ‘आम्ही सांगणार नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘आम्ही सांगूच शकत नाही’ अशी स्थिती त्यांनी मुद्दाम घडवली. माझ्या वर्गात नव्या मुलींना मी हा प्रसंग फळ्यावर तीन चौकोन काढून समजावते आणि त्यांना तो लगेच कळतो.

पश्चिम जर्मनीत ही रीत न्यायालयानं देशभर लावली. 1983 च्या एप्रिलमध्ये तिथे जनगणना व्हायची होती. तक्ते भरून झाल्यावर त्यांवरून नगरपालिकेच्या रहिवासी नोंदी दुरुस्त करण्याचा सरकारचा बेत होता. म्हणजे आकडेवारीसाठी म्हणून सांगितलेली गोष्ट सरळ प्रशासनाच्या रजिस्टरात जाणार. लोक खवळले, बहिष्काराच्या हाका आल्या आणि प्रकरण घटना न्यायालयात गेलं. न्यायालयानं आधी जनगणना थांबवली आणि 15 डिसेंबर 1983 रोजी निकाल दिला. आपली माहिती कुणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे, असं त्यात सांगितलं. तो निकाल जगभर उद्धृत होतो. माझ्यासारखीला त्यातला रुक्ष भाग जास्त भावतो: नाव-पत्ता वगैरे मदतीची माहिती मूळ उत्तरांपासून लवकरात लवकर वेगळी करा आणि काम संपलं की नष्ट करा. शेवटी 25 मे 1987 रोजी नव्या नियमांनी जनगणना झाली. तरीही संशय पुरता गेला नव्हता; बहिष्कार घालणाऱ्यांनी तक्त्यावरचा क्रमांक कात्रीनं कापून कागद परत केले. नाव आणि उत्तर यांतला धागा नेमका कुठे असतो, हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

आपल्याकडे या रीतीची सर्वांत मोठी परीक्षा 2005-06 मध्ये झाली. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, 1956 साली स्थापन झालेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिच्या देखरेखीखाली होते. तिसऱ्या फेरीत सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांच्या आणि जवळपास पाऊण लाख पुरुषांच्या मुलाखती झाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्यातल्या लाखभर लोकांच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी झाली. एचआयव्हीला तेव्हा किती भीती होती, हे आज पंचविशीतल्या मुलांना सांगून पटणार नाही. सुनेला माहेरी पाठवायला, मुलाचं शाळेतून नाव काढायला, घरमालकानं सामान बाहेर टाकायला नुसता संशय पुरत असे.

म्हणून रक्ताची व्यवस्था अशी लावली. बोटाला सुई टोचून काही थेंब जाड गाळण कागदावर घ्यायचे आणि वाळवायचे. त्या कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त बारकोडचं स्टिकर लावायचं. तसंच स्टिकर प्रश्नावलीवर. कागद प्रयोगशाळेत गेले. तिथल्या माणसाला फक्त बारकोड दिसे. ते रक्त कोणत्या गावचं, बाईचं की पुरुषाचं, त्याला माहीत नसे. तपासणीचा निकाल आणि मुलाखतीची माहिती एकत्र करायची वेळ आली तेव्हा आधी प्रश्नावलीची ओळख पटवणारी पानं नष्ट केली आणि गाव-घरांचे मूळ क्रमांक बदलले. अभ्यासकांना जो डेटा मिळाला त्यात जिल्ह्याचा संकेतांकही नव्हता. जिल्हावार अभ्यास करणाऱ्यांनी त्याबद्दल बरीच तक्रार केली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

त्या फेरीत फिल्डवर काम केलेल्या काही मुली पुढे माझ्या हाताखाली आल्या. त्या सांगत, की त्याच वेळी होणाऱ्या ॲनिमियाच्या तपासणीचा आकडा तिथल्या तिथे सांगता यायचा आणि लोक खूश व्हायचे. मग विचारायचे, ‘‘ताई, त्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट कधी मिळणार?’’ त्यावर उत्तर ठरलेलं होतं: हा रिपोर्ट कुणालाच मिळणार नाही, आम्हालाही नाही, हवा असेल तर सरकारी केंद्रात मोफत तपासणी होते, ही चिठ्ठी घ्या. मला यात एक टोचणी कायम आहे. एखाद्या कागदावर लागण दिसली असेल आणि तो माणूस अजाणता घरी बसला असेल. नाव पुसल्यानं तो जगापासून वाचला, पण औषधापर्यंत पोचायची एक वाटही बंद झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी नावासकट तपासणी केली असती तर लाखभर लोकांनी बोट पुढे केलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

त्या पाहणीतून कळलं, की 15 ते 49 वयोगटात लागणीचं प्रमाण तेव्हा देशात 0.28 टक्के होतं आणि महाराष्ट्रात 0.62 टक्के. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं भारतात 57 लाख लोक एचआयव्हीबाधित होते. ही पाहणी आणि दवाखान्यांतल्या तपासणी केंद्रांची वाढलेली संख्या यांच्या आधारानं 2007 साली तो अंदाज 25 लाखांच्या आसपास आला. एका देशाच्या आजाराचं चित्र बदललं, तेही एकाही माणसाचं नाव उघड न होता.

ही रीत सगळीकडे पुरी पडते असं मात्र नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजनं 2001 पासून उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि मरेपर्यंत गुप्तता राखण्याचं वचन दिलं. मुलाखतींवर नावाऐवजी संकेताक्षरं होती. 2011 साली ब्रिटिश पोलिसांच्या वतीनं समन्स निघालं आणि कोर्टबाजीनंतर काही मुलाखती द्याव्या लागल्या. तिथे नाव काढून काय होणार? आवाज माणसाचा, घटना त्याच्या आयुष्यातली. आपल्याकडेही तसंच घडतं. ‘गावातली एकमेव परिचारिका, वय 34, विधवा’ एवढं लिहिलं की नावाचं पान फाडण्यात अर्थ उरत नाही. एडिटिंगच्या टेबलावर मी असे तपशील शोधून पुसत असे, आणि अहवाल लिहिणारे प्राध्यापक चिडत.

आता कागदाची ट्रंक गेली आणि कपाटंही गेली. एम.ए., एमएसडब्ल्यू, बी.एड.ची मुलं मोबाईलवर फॉर्म पाठवतात. पहिलाच प्रश्न नाव, दुसरा मोबाईल नंबर आणि खाली लगेच ‘तुम्हाला कधी नैराश्य आलं आहे का?’ सगळं एकाच शीटमध्ये, एकाच ओळीत, आणि ती शीट गाइडला, मैत्रिणीला, टायपिंगवाल्याला शेअर केलेली. मान यांच्या काळात लोक या प्रश्नाकडे पाहत नव्हते, हे समजू शकतं. एवढा इतिहास घडून गेल्यावर आपण त्याच जागी परत यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा पाहणी करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. फॉर्म दोन करा. पहिल्यात फक्त उत्तरं घ्या, त्यात ईमेल आपोआप नोंदवण्याची सोय बंद ठेवा. ज्यांना पुढच्या मुलाखतीसाठी फोन चालेल त्यांच्यासाठी शेवटी दुसऱ्या फॉर्मची लिंक द्या आणि नंबर तिथेच घ्या. दोन्ही शीटमधली तारीख-वेळ काढून टाका आणि ओळींचा क्रम बदला, नाहीतर 10 वाजून 42 मिनिटांचं उत्तर आणि 10 वाजून 43 मिनिटांचा नंबर कुणीही जुळवेल. त्याच माणसांकडे पुन्हा जायचं असेल तर जोडणारी यादी तिसऱ्याच विश्वासू माणसाकडे ठेवा आणि काम संपल्याच्या दिवशी ती पुसा. आणि तुम्हाला कुणी असा फॉर्म पाठवला, तर भरण्याआधी विचारा, की माझं नाव आणि माझी उत्तरं कुठे कुठे ठेवणार आहात. उत्तर नीट मिळालं नाही तर फॉर्म भरू नका.